अंजनाबाईच्या पोटातला मणी

१

बापूरावांच्या मळ्यातली मेथी त्या दिवशी वाशीमच्या बाजारात आलीच नाही, आणि गावातल्या बायकांनी दुसऱ्या भाजीवाल्यांना त्यावरून चार शब्द सुनावले. मेथी का आली नाही हे सकाळी नऊ वाजता फक्त इंद्रभान पडघानला कळलं, कारण मळ्यातली माणसं त्याच्याच पायरीवर येऊन उभी होती.

इंद्रभान डॉक्टर मोहनसिंग ठाकुरांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. सन अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी होता. पंचक्रोशीत एवढं दमदार यंत्र दुसरं नव्हतं आणि इंद्रभानइतका त्याचा लाड करणारा माणूसही दुसरा नव्हता. नागपूरचे त्याचे जुने मास्तर त्याला अधूनमधून इंग्रजी मासिकं पाठवत. तो ती शब्दकोश मांडीवर घेऊन वाचे, आणि बायको त्याला ‘किरणमहाराज’ म्हणून चिडवे.

पायरीवर चौघं होती. मळ्याचे मालक बापूराव, त्यांची बायको गोजराबाई, धाकटा भाऊ दौलतराव आणि या तिघांपासून दहा हात लांब अंजनाबाई. अंजनाबाई इंद्रभानच्याच वस्तीतली. बारा वर्षं ती त्या मळ्यात भाजी खुडायला जात होती. गोजराबाई आणि ती एकाच डब्यातून तंबाखू खायच्या, इतकं त्यांचं सूत जमलेलं.

“इंद्रभान भाऊ, माह्या पोटाचा फोटो काढा,” अंजनाबाई म्हणाली. “मनी गिळला म्हनतात मी.”

झालं होतं ते असं. सकाळी हौदावर मेथी धुताना गोजराबाईंच्या गळ्यातल्या एकदाणीचा दोरा तुटला. बोराएवढे पंधरा सोन्याचे मणी मेथीत, हौदात, चिखलात उडाले. चौदा सापडले. सगळ्या जुड्या सोडून झाल्या, हौद रिकामा करून झाला, पण पंधराव्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात दौलतराव बोलला. दोरा तुटल्यावर घटकाभरात अंजनाबाईनं तोंडात काहीतरी टाकलेलं त्यानं पाहिलं होतं.

“ओवा होता तो,” अंजनाबाई म्हणाली, आणि पदराच्या गाठीतली पुरचुंडी सोडून दाखवली. “पोट दुखते माहं.”

तिचं कोणी खोटं म्हटलं नाही, पण खरंही म्हटलं नाही. गोजराबाई जमिनीकडे बघत राहिल्या. बारा वर्षांच्या ओळखीनंतर अंजनाबाईला तेच झोंबलं, आणि फोटो काढा असं तिनं स्वतःहून सांगितलं.

२

प्लेट अजून ओलीच होती. इंद्रभाननं ती उजेडाच्या पेटीसमोर धरली आणि डॉक्टरांना हाक मारली.

उजवीकडे, फासळ्यांच्या खाली, एक पांढरी गोल कडी दिसत होती. कडा ठळक, आतून पोकळ, बोराएवढी. एकदाणीचे मणीही तसेच असतात. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत भरलेली लाख. लाख किरणांना अडवत नाही, म्हणून प्लेटवर तसला मणी कडीसारखाच उमटतो.

“पित्ताचा खडाही असा दिसू शकतो,” ठाकूर डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. “वर चुन्याचं कवच धरलेला. दुखणंही त्याच जागी आहे. पण मणी नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. चार दिवस थांबू. मणी असला तर खाली सरकेल.”

“चार दिवस?” दौलतराव म्हणाला. “ही तं उद्या सकाऊनच्या गाडीनं केनवडले चालली. पोरीचं बायतपन हाय.”

“दिवस भरले तिचे,” अंजनाबाई म्हणाली. “पहिलटकरीन हाय माही पोरगी. तिची सासू खाटेवर पडून. मी नाई गेली तं कोन हाय तिले?”

गेली तर चोर पळाला असं गाव म्हणणार होतं आणि राहिली तर पोरगी एकटी पडणार होती. बापूराव मनानं वाईट माणूस नव्हता, पण भावापुढे त्याचं कधी काही चालत नसे.

“सांजलोक पाह्यतो,” तो म्हणाला. “मंग ठान्यात नाव देतो. मलेबी बरं नाई वाटून राह्यलं, पन करू काय?”

“खडा आहे हे सिद्ध करता येईल,” इंद्रभान म्हणाला.

दौलतराव हसला. “पडघान, तू तिच्याच वस्तीतला. तू खडाच म्हनशीन. आमी कायले मानू?”

इंद्रभानला राग आला. चांगलाच आला. बारा वर्षं याच माणसांचे मोडके हात आणि खोकणाऱ्या छात्या त्यानं तपासल्या होत्या, तेव्हा कोणी त्याची वस्ती विचारली नव्हती. पण रागानं कडी काही पुसली जाणार नव्हती. त्याला असा पुरावा हवा होता जो दौलतरावला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.

३

डॉक्टर बाकीचे रोगी बघायला गेले आणि इंद्रभान बाकड्यावर गोजराबाईंच्या शेजारी बसला. मोडलेल्या हाडाचा माणूस आला तरी त्याला आधी ‘कसं पडलात’ असं विचारायची सवय होती.

“एकदाणी कधीची हो, गोजराबाई?”

“माह्या मायची. मेली तवा माह्याच हातात देल्ली तिनं.” गोजराबाईंनी पदराची गाठ सोडून चौदा मणी दाखवले. “पाहा कशी झगझग करते. संक्रांतीले रिठ्याच्या पान्यात चुलीवर ठेवली. चांगली दोन घंटे रटरट उकळू देल्ली.”

“सोनाराकडे नाही नेली?”

“कायले? घरीच एवढा मळ निघाला, भगुन्याच्या बुडाले तांबडा चिकट थर बसला. राखेनं घासू घासू हात मोडले माहे.”

“दोरा जुना होता का?”

“नवाच तं ओवला संक्रांतीले. काहून तुटला कोनास ठाऊक.”

इंद्रभाननं मान हलवली आणि बापूरावाकडे वळला. “हौद कसा शोधला तुम्ही?”

“इंजिन बंद केलं, हौदाचा बोळा काढला, पानी पाटात सोडून देल्लं. मंग बुडाचा गाळ दोनदा चाळला. सोनं हाय ते, जाऊन जाऊन जाईन कुठी? बुडाशीच बसन.”

दौलतरावाला विचारण्यासारखं फार नव्हतं. हात तोंडाकडे गेला एवढंच त्यानं पाहिलं होतं. हातात पिवळं होतं की काळं, हे त्याला सांगता येईना. पण ते सांगता येत नाही हे त्याला स्वतःलाच आवडलं नाही, असं इंद्रभानला वाटलं, आणि त्याबद्दल त्याला थोडं बरं वाटलं.

“दौलतभाऊ, यातला एक मणी तुम्ही निवडा,” इंद्रभान म्हणाला. “कोणताही. तो मला दिवसभर वापरायला द्या.”

४

इंद्रभाननं काय आरंभलंय ते कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एक्स-रेच्या यंत्रातून एकाच जोराचे किरण कधी निघत नाहीत. कमी जोराचे, जास्त जोराचे, सगळे मिसळून येतात, वाण्यानं तीन डाळी एका पोत्यात ओतल्यासारखे. त्यामुळे प्लेटवर जाड चुना आणि पातळ सोनं एकसारखं पांढरं दिसू शकतं, आणि फसगत होते.

मास्तरांच्या मासिकात विलायतेतल्या एका नव्या यंत्राबद्दल आलं होतं. माणसाला न कापता ते त्याच्या अंगाचे काप दाखवतं म्हणे. त्यावर कुणा विद्वानांनी पुढचं गणित मांडलं होतं. तेच अंग दोनदा पाहायचं, एकदा कमी जोरावर, एकदा जास्त जोरावर. दोन्हींतल्या फरकावरून हिशोब करून तिसरं चित्र बनवायचं, जणू यंत्रातून एकाच जोराचे किरण आले होते. असं चित्र कोणत्याही यंत्रात निघत नाही, ते कागदावरच जन्माला येतं. इंद्रभाननं तो लेख सात वेळा वाचला होता. काप दाखवणारं यंत्र त्याच्याकडे नव्हतं, पण दोन प्लेटा काढायला त्याला कोण अडवणार होतं?

त्याला दोन गोष्टी माहीत होत्या. किरणांचा जोर वाढवत नेला की चुना त्यांना मुकाट वाट सोडतो. सोन्याची मात्र एक खोड आहे. आधी तेही सोडत जातं, पण जोर ऐंशी किलोव्होल्टच्या पुढे गेला की अचानक अडून बसतं.

त्यानं अंजनाबाईला पुन्हा टेबलावर झोपवलं. दौलतरावानं निवडलेला मणी चिकटपट्टीनं पोटावर डाव्या बाजूला लावला. लावताना मणी दोनदा बोटाखालून निसटला. इंद्रभानच्या नुसत्या श्वासानं तो सरकत होता. इंद्रभान क्षणभर थांबला, मण्याकडे पाहिलं, आणि मग कामाला लागला. बाजूला त्यानं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, डब्याचे आणि तांब्याच्या पत्र्याचे पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले तुकडे ठेवले. किती जाडीला प्लेट किती पांढरी होते हे त्यावरून कळायचं. एक प्लेट पन्नासावर काढली, दुसरी तांब्याचा पडदा लावून सव्वाशेवर.

दोन्ही प्लेटा पेटीवर लागल्या तेव्हा सगळे पुढे झुकले. दुसऱ्या प्लेटवर दोन्ही कड्या फिकट झाल्या होत्या. पोटातली जरा जास्त फिकट होती, पण ते ज्याला तसं पाहायचं होतं त्यालाच दिसलं असतं.

“मले तं दोनी सारख्याच दिसून राह्यल्या,” दौलतराव म्हणाला, आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता.

अंजनाबाईनं ओव्याची पुरचुंडी पुन्हा पदराला बांधली. 

५

इंद्रभान तडक गोविंदसिंगच्या फोटो स्टुडिओत गेला. लग्नामुंजीचे फोटो काढणारा गोविंदसिंग अकोल्याहून एक उजेड मोजायचं मीटर घेऊन आला होता आणि ते कुणाला हात लावू देत नसे.

“आतड्याचे फोटो काढतो, अन मीटर माहं मांगतो?” तो म्हणाला. पण हकिकत ऐकल्यावर दुकानाची फळी लावून स्वतःच निघाला. “मीटर मीच धरतो. तू पाडशीन.”

काळ्या कागदाला एक भोक पाडलं. दोन्ही प्लेटांवर आखलेल्या चौकटी एकेक करून भोकाखाली आणल्या. गोविंदसिंग काट्यावरचा आकडा ओरडून सांगे, डॉक्टर रोग्यांच्या मधल्या वेळात लॉगच्या कोष्टकांच्या वहीत बघून देत, आणि इंद्रभान वजाबाक्या करे. पोटातल्या कडीच्या एकशे चव्वेचाळीस चौकटी, पोटावरच्या मण्याच्या एकशे चव्वेचाळीस. मध्येच गोविंदसिंगनं भजी मागवली, आणि एका वजाबाकीवर तेलाचा डाग पडला म्हणून ती चौकट पुन्हा मोजावी लागली.

चार वाजता इंद्रभाननं आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं चौकटी भरायला घेतल्या. ऐंशीच्या जरा वरच्या एकाच जोराचे किरण जिथे अडले असते तिथे कोरी, जिथे पार गेले असते तिथे काळी. हळूहळू चित्र वर आलं.

डावीकडे मण्याची कडी कागदासारखी पांढरी उरली. उजवीकडची कडी मात्र पेन्सिलीच्या करड्या रंगात विरत गेली, इतकी की ती कुठे होती हे बोट ठेवून दाखवावं लागलं.

“पाहा,” इंद्रभान म्हणाला. “पोटात सोनं नाही.”

दौलतराव बराच वेळ बघत होता. “हिशेब तुवा केला.”

“मी केला. पण दोन्ही कड्यांना एकच हिशोब लावला. चुकला असेल तर दोन्हींना सारखा चुकेल. मणी तुम्ही निवडलेला आहे. आता चौकटही तुम्हीच निवडा आणि आकडा तुम्हीच वाचा.”

गोविंदसिंगनं जीव मुठीत धरून मीटर दौलतरावाच्या हातात दिलं. दौलतरावानं उजव्या कडीतल्या दोन चौकटी वाचल्या, डावीतल्या दोन वाचल्या. वजाबाकी बापूरावानं केली, भाजीच्या धंद्यात त्याची तोंडी वजाबाकी पक्की होती. चारही आकडे कागदावरच्या आकड्यांशी जुळले.

दौलतरावानं मीटर टेबलावर ठेवलं. “खडा हाय,” तो म्हणाला. मग अंजनाबाईकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, “खडाच हाय.”

“मंग मनी कुठी?” गोजराबाईंनी विचारलं.

“ते तुम्हीच मला सकाळी सांगितलं,” इंद्रभान म्हणाला.

६

त्यानं पेलाभर पाणी मागवलं आणि दौलतरावानं निवडलेला मणी त्यात सोडला. मणी बुडाला नाही. पाण्यावर बसून मजेत गोल फिरत राहिला.

“सोनं तरंगते?” बापूरावाचा आवाज बारीक झाला.

“भरीव नाही तरंगत. हा आतून रिकामा आहे. पोटावर लावताना श्वासानं सरकत होता, तेव्हाच मला शंका आली. गोजराबाई, भगुन्याच्या बुडाशी बसलेला तांबडा चिकट थर मळ नव्हता. ती मण्यांतली लाख होती. रिठ्यानं सोनं कोमट पाण्यात धुतात, उकळत नाहीत. दोन तासांत लाख वितळून गेली. लाख गेली तशी भोकाची धार उघडी पडली, आणि नवा दोरा त्या धारेनं पंधरा दिवसांत कापला.”

गोजराबाईंनी तोंडाला पदर लावला.

“मणी हौदात पडला, तो मेथीच्या पाल्यात तरंगत राहिला. तुम्ही सोनं बुडाशी शोधायचं म्हणून बोळा काढलात, आणि तुमच्याच हातानं मणी पाटात सोडून दिलात. सकाळी पाणी कुठे फोडलं होतं, बापूराव?”

“लसनात,” बापूराव म्हणाला, आणि उभाच राहिला.

गोविंदसिंगच्या ओळखीची एक जीप मळ्याच्याच वाटेनं शेलूबाजारला निघाली होती, तीत सगळे कोंबले गेले. दवाखाना सोडून डॉक्टरही आले, ते का आले ते त्यांनाच ठाऊक. ऊन कलतं होतं तेव्हा माणसं लसणाच्या वाफ्यांत ओणवी झाली. तिसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी पाला आणि फेस सुकून एक जाळी झाली होती. गोजराबाईंनी ती उचलली, आणि आत मणी होता.

त्या मणी मुठीत धरून बांधावर अंजनाबाईपाशी आल्या.

“अंजने, चुकलं माहं. तू ओवा खाते हे मले ठाऊक होतं. मीच तं तुले परसातला ओवा देल्ला. तरी मी गप बसली.”

“तेच दुखलं मले,” अंजनाबाई म्हणाली. “दौलतभाऊनं म्हटलं ते नाई दुखलं. तुमी गप बसल्या ते दुखलं.”

गोजराबाई रडल्या. अंजनाबाईनंही डोळे पुसले, आणि जरा वेळानं म्हणाली, “आता त्याच्यात लाख भरून घ्या आंधी, नाई तं उद्या विहिरीत पोहायले जाईन तो.”

दुसऱ्या दिवशी केनवडच्या गाडीत तिच्या पिशवीत मेथीच्या दाण्याची मोठी पुरचुंडी होती, बाळंतिणीसाठी. ती दौलतरावानं स्वतः आणून दिली होती.

मार्च सरत आला तेव्हा दोघी दवाखान्यात आल्या. अंजनाबाईला नात झाली होती. नंतर अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. आठ दिवस गोजराबाई तिच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपल्या, आणि मळ्यातली मेथी आठ दिवस बापूरावांनी वाकड्यातिकड्या जुड्या बांधून विकली.

अंजनाबाईनं एक बारकी बाटली टेबलावर ठेवली. आत पिवळसर खडा होता. “डॉक्टरनं देल्ला. तुमच्यासाठी आनला, भाऊ.”

गोजराबाईंनी पदराची गाठ सोडली आणि त्याच्याशेजारी पंधरावा मणी ठेवला. चौदा मण्यांत सोनारानं लाख भरली होती, ते गळ्यात होते. हा एक त्यांनी रिकामाच ठेवला होता, ओवलाही नव्हता.

“हा काहून नाही ओवला?” इंद्रभाननं विचारलं. त्यांच्याशी बोलता बोलता तोही त्यांच्यासारखाच बोलू लागला होता.

“ठेवला असाच. मले आठवत राह्यावं म्हनून.”

खडा आणि मणी शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही एकाच मापाचे होते, केसाचाही फरक नव्हता. इंद्रभानला राहवेना. त्यानं पेलाभर पाणी आणलं आणि दोन्ही एकदम सोडले. खडा सरळ तळाशी गेला आणि मणी वर फिरत राहिला. अंजनाबाई ते बघून आधी हसली, मग गोजराबाई हसल्या, आणि बाहेर रांगेत बसलेले रोगी आत काय चाललंय ते बघायला दाराशी जमले.

निघताना अंजनाबाई थबकली. “भाऊ, तो पेन्सिलीचा फोटो हाय का अजून? मले द्या तो. माह्या नातीच्या घरी लावते.”

इंद्रभाननं आलेखाचा तो कागद टेबलाच्या खणातून काढला आणि तिच्या हातात दिला.